शांघायमध्ये लहान पोरांना घेऊन बस्तान कसं बसवायचं

आधी एक गंमत सांगते, ती माहीत नसेल तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ होतो. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, काकू, आणि घरकामाला किंवा पोरं सांभाळायला येणारी बाई पण आयीच. तर आमची धाकटी खाली घसरगुंडीवरून आईईई करून ओरडली की बाकावरच्या आज्या माझ्याकडे कौतुकाने बघायच्या, की काय प्रेमाने सांभाळते हो ही परक्याच्या पोरीला. नवऱ्याला हा त्रास नाही, बाबा म्हणजे तिकडेही बाबाच. महिनाभर मी आमच्या सोसायटीत स्वतःच्याच पोरांची कामवाली म्हणून वावरले आणि मला पत्ताच नव्हता. म्हणून तिकडे गेल्या गेल्या "मामा" हा शब्द शिका, मामा म्हणजे आई. हो, मामा म्हणजे आई. पोरांना हे समजावताना जी धांदल उडते ती उडू द्या.

आम्ही पुण्याहून २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेलो, नवऱ्याची बदली, मोठा ६ चा, धाकटी नुकती ३ ची, राहायला मिनहांग भागात. तेव्हा थेट विमान नव्हतं, हाँगकाँगवरून गेलो. २०२० ला बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं आता ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी पुन्हा सुरू झालीत, त्यामुळे तुम्हाला पर्याय जास्त. आता जे लिहितेय ते शांघायचं आहे, दुसऱ्या शहरात थोडंफार वेगळं असेल.

निघायच्या आधी, कागद

नवऱ्याला कामाचा झेड व्हिसा, बायको-पोरांना एस-१. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि पोरांचे जन्मदाखले लागतात आणि खरी माशी शिंकते ती इथे. आपले महापालिकेचे जन्मदाखले काढून बघा आत्ताच. कित्येकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधीच दाखला काढलेला असतो. आईचं नाव कुठे माहेरचं कुठे सासरचं, पासपोर्टवर तिसरंच. हे सगळं एकसारखं करून घ्या आणि मगच शिक्के मारायला पाठवा, कारण राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात अशी साखळी आहे आणि शेवटच्या पायरीवर स्पेलिंग चुकलेलं निघालं की पहिल्यापासून सगळं परत. आमचं निघालं. एका एजंटाने "चालतंय हो ताई" म्हणून पाठवलं आणि ५ आठवडे गेले.

दुसरं, पोरांची लसीकरणाची फाइल. आपले डॉक्टर त्यात लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवतात, त्यावर ब्रँडचं नाव असतं, ते तिकडे कुणालाही कळत नाही. डॉक्टरांना सांगून एका कागदावर टाइप करून घ्या, कुठल्या आजाराची लस, कितवा डोस, तारीख, खाली सही-शिक्का. हा एक कागद माझ्या हिशोबाने सगळ्या बॅगेत मोलाचा होता. तिथे गेल्यावर वस्तीच्या आरोग्य केंद्रात तो दाखवून पोरांचं चिनी लसीकरणाचं पुस्तक करून घ्यायचं, त्याशिवाय बालवाडीवाले दारात उभं करत नाहीत.

पोहोचल्यावर दोन मुदती डोक्यात पक्क्या ठेवा. हॉटेल सोडून कुठल्याही घरात राहायला गेलात की २४ तासांत पोलिसांकडे नोंद (शांघायमध्ये ऑनलाइन पण होते), आणि आल्यापासून ३० दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज, पोरांचा पण. पासपोर्ट तेव्हा काही दिवस त्यांच्याकडेच राहतात, पावती देतात, ती जपा. आणि पोरांचा आपला पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो हे विसरू नका, नवा काढला की परवाना पण नव्यावर करून घ्यावा लागतो.

मोबाइल म्हणजे पाकीट, किल्ली, रेशनकार्ड सगळं

अलीपे (पैसे भरायला) आणि वीचॅट (त्यांचं व्हॉट्सॲप, पैसे पण त्यावरून) ही दोन ॲप लागतातच, पण वीचॅट आपल्या सरकारने २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात बंद झालं आणि अलीपे त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या यादीत, म्हणून ती तिकडे उतरल्यावरच. अलीपेला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, रूपे नाही. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ३ टक्के कापतात, म्हणून चिनी बँकेत खातं उघडेपर्यंत मोठी खरेदी टाळलेली बरी. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो हे मी विसरले होते! तो नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा, बाकी काही नाही तरी एवढं ऐका.

आणि आजी-आजोबांचा प्रश्न. व्हॉट्सॲप चालत नाही, यूट्यूब नाही, गुगल नाही, आणि त्यांच्याकडे वीचॅट नाही. म्हणजे दोन्हीकडे मोबाइल आहेत आणि बोलायचं कशावर तर काहीच नाही. आमचा तोडगा असा झाला की दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं, नसेल तर मायक्रोसॉफ्ट टीम्स, हो ऑफिसचं ते टीम्स, माझे सासरे ७४ व्या वर्षी टीम्सवर नातवाला रामरक्षा शिकवतात आणि मध्येच म्हणतात तू म्यूटवर आहेस. भारतातल्या सिमचं रोमिंग चालू असेल तर त्यावर व्हॉट्सॲप पण येतं पण महाग पडतं. निघायच्या आधी घरच्या मोबाइलमध्ये हे सगळं बसवून, दोनदा फोन करून, कागदावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून फ्रिजवर चिकटवून या. वेळेचा फरक अडीच तास, तिकडे पोरं जेवून ८ ला झोपायला आली की इकडे साडेपाच, चहाची वेळ, बरोबर जमतं.

घर बघताना

वस्तीला शिआओछू म्हणतात, म्हणजे आपली मोठी सोसायटीच, भिंत, गेट, वॉचमन, आत बाग. भाडं बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचं एकदम आणि वर एक महिन्याचं डिपॉझिट. बायकांनो, घर बघायला गेलात की किचन नंतर बघा, आधी दुपारी ४ नंतर खाली बागेत जाऊन उभं राहा. तिथे आज्या आणि पोरं असतील तर घर घ्या. सुनसान असेल तर संगमरवर असला तरी नको. परदेशी लोकांच्या खास वसाहतीत आम्ही पण एक घर बघितलं होतं, सुंदर होतं, पण तिथली पोरं दर जूनला कुठल्यातरी देशात निघून जातात आणि आपलं पोर परत एकटं.

थंडीचं आधीच सांगते. उत्तर चीनमध्ये सरकारी हीटिंग असतं, शांघाय दक्षिणेत धरतात म्हणून इथे नाही, बाहेर ३ डिग्री आणि घरात पण जवळपास तेच, एसीच्या गरम हवेवर काढायचं. खिडक्या नीट बंद होतात का ते बघा, पोरांसाठी जमिनीवर जाड फोमच्या चटया टाका. आणि जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत पावसाची झड असते, कपाटातल्या चपलांना बुरशी, अगदी कोकणातला जुलै, ओल शोषायचं मशीन घ्याच. व्होल्टेज २२० आहे, जवळजवळ आपल्याइतकंच, म्हणून मिक्सर बिनधास्त न्या, फक्त आपली गोल पिन बसत नाही, अडॅप्टर चार-पाच न्या. नळाचं पाणी उकळूनच.

कचरा! १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये चार डबे, ओला, सुका, परत वापरायचा, घातक. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेतच टाकायचा, तिथे एक काका किंवा मावशी उभ्या असतात आणि पिशवीत डोकावतात. लोकांची युक्ती डुकरावर आहे, डुक्कर खाईल तो ओला, डुक्कर पण खाणार नाही तो सुका, खाऊन डुक्कर मरेल तो घातक, आणि विकून डुक्कर घेता येईल तो परत वापरायचा. माझ्या मोठ्याला हे इतकं आवडलं की नारळाची करवंटी हातात धरून डुक्कर खाईल का यावर त्याने मला १० मिनिटं अडवलं होतं. (नाही खात. सुका.)

रस्ता

वाहतूक उजवीकडून. आपल्या पोरांना आपण शिकवलेलं असतं आधी उजवीकडे बघ, ते सगळं उलटं, आधी डावीकडे. सिग्नल पायी चालणाऱ्यांचा हिरवा असला तरी उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतातच. आणि खरा धोका गाड्यांचा नाहीच, इलेक्ट्रिक स्कूटरचा आहे, आवाज शून्य, फुटपाथवरून पण येतात, जेवण पोचवणारे तर वाऱ्यासारखे. पहिले सहा महिने पोरांचा हात सोडू नका, बास.

मेट्रो मात्र झकास. १.३ मीटरपेक्षा बुटकं पोर मोठ्या माणसाबरोबर फुकट, गेटजवळ उंचीची खूण असते. रेल्वेला मात्र २०२३ पासून उंची नाही, वय बघतात, ६ च्या आतलं सीट न घेता फुकट, ६ ते १४ सवलतीत. फुकटच्या पोराचा पण पासपोर्ट लागतो, आम्ही एकदा घरी विसरलो होतो, पुढचं विचारू नका.

खाणं

इथे थोडं थांबून लिहिते कारण सगळे हेच विचारतात. तुम्ही सगळं खाणारे असाल तर प्रश्न नाही, मजा आहे. आम्ही अंडं खातो, बाकी नाही. तर "मांस नको" असं सांगितलं की वांग्याच्या भाजीतला मोठा तुकडा काढतात आणि खिमा तसाच ठेवतात, त्यांच्या लेखी ते मांस नाही, चव आहे. म्हणून "वो छ्र सू" म्हणायचं, म्हणजे मी शाकाहारी, धार्मिक अर्थाने, बौद्ध देवळात जातात त्या लोकांसारखं. याने लगेच कळतं, आणि त्यात कांदा-लसूण पण गळतो, हा एकादशीवाल्यांना बोनस. नानजिंग रोडवर गोंगदलिन नावाचं जुनं शाकाहारी हॉटेल आहे, १९२२ पासूनचं, पाहुणे आले की तिकडे न्या. देवळांमधले नूडल्स पण चांगले.

पोरांसाठी पहिल्या महिन्यात फक्त चार पदार्थ लक्षात ठेवा. टोमॅटो-अंडं (फानछिए छाओ दान), सगळीकडे मिळतं, भातावर ओतलं की पोरं गप खातात. पांढरी पेज, आपलीच पेज, फक्त मीठ आपण घालायचं. सोयाबीनचं गरम दूध आणि त्यात बुडवून खायचा, तेलात तळलेला लांब पाव, योउथिआव, शनिवारच्या नाश्त्याला. आणि मशरूम-पालेभाजीचा वाफवलेला बन, पण चरबी घातलीये का विचारून. "बू ला" म्हणजे तिखट नको, हे पण लागतं.

घरी मात्र जवळजवळ सगळं जमतं. बाजारात भेंडी, कारली, घोसाळी, चवळीच्या लांब शेंगा, लाल भोपळा, अळकुड्या, सगळं आहे, अळूची पानं मात्र नाहीत, अळकुड्या विकतात आणि पानं फेकतात, माझा जीव तुटायचा. कोथिंबीर मुबलक. कढीपत्ता नाही, वाळवून न्या. हिरवे मूग कुठेही, ते लोक त्याचं गोड सार करून पितात. तूरडाळ, आटा, पोहे ऑनलाइन भारतीय दुकानदारांकडून. गूळ नसेल तर होंगथांग म्हणून लाल साखर मिळते, पुरणाला चालते. साबुदाण्यासारखा दिसणारा शिमी घेऊन खिचडी करायला जाऊ नका, खळ होते, मी चतुर्थीला केली आणि शेवटी केळं खाल्लं. दही बहुतेक गोडच असतं, "वूथांग" लिहिलेलं बिनसाखरेचं शोधा आणि त्याचंच विरजण लावा, थंडीत राइस कुकरशेजारी ठेवून.

शाळा

बालवाडी ३ ते ६, वर्ष १ सप्टेंबरला सुरू, ३१ ऑगस्टपर्यंत ३ पूर्ण हवीत. इंटरनॅशनल शाळांची फी ऐकून कंपनी देत असेल तरच विचार करा. आम्ही धाकटीला जवळच्या चिनी बालवाडीत घातलं आणि मोठ्याला दोन्ही भाषा शिकवणाऱ्या शाळेत, आणि आता मागे वळून बघितलं तर धाकटीचा निर्णय जास्त बरोबर ठरला असं मला वाटतं, नवऱ्याला नाही वाटत.

काय होतं ते सांगते म्हणजे घाबरणार नाही. पहिले तीन महिने पोर तिथे एक शब्द बोलत नाही. आमची बोललीच नाही, बाई सांगायच्या ती ऐकते पण, आणि घरी येऊन बाहुलीला चिनीत रागावते. मग एका दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या आजोबांना अख्खं वाक्य. जबरदस्ती करू नका, घरी मराठीच बोला, आपलं मोडकं चिनी पोरांवर तर अजिबात टाकू नका.

सकाळी गेटवर नर्स हात आणि तोंड तपासते, हातापायाच्या पुरळाच्या साथी असतात म्हणून, ताप असला की परत घरी. दुपारी जेवण आणि मग सगळी पोरं छोट्या पलंगावर झोपतात, स्वतःचं पांघरूण न्यायचं. पाठीत शर्टच्या आत एक पातळ रुमाल घालून पाठवायचा, घाम टिपायला, खेळून आलं की बाई ओढून काढतात. मला आधी हसू आलं होतं, आता सुट्टीत पुण्यात पण घालते. जेवणाचं बाईंना आधी स्पष्ट सांगा, नुसतं मांस खात नाही म्हटलं तर सूप चालेल ना, मासे चालतील ना, कोळंबी तरी, असं चालू राहतं, म्हणून काय खाते त्याची यादी द्या, काय नाही खात त्याची नको.

वीचॅटवर वर्गाचा ग्रुप असतो. रोज सूचना, आणि प्रत्येकाखाली ३० पालक लिहितात "शोउदाओ", म्हणजे मिळालं. तुम्ही पण लिहा. लगेच. नाही लिहिलं तर बाईंचा वेगळा मेसेज येतो. मजकूर कळत नसेल तर दाबून धरल्यावर भाषांतर होतं, पण चित्राच्या रूपात पाठवलेली सूचना वेगळी स्कॅन करावी लागते. आमचा मोठा एकदा पांढऱ्या शर्टच्या दिवशी पिवळा टी-शर्ट घालून गेला, समूहगानाच्या फोटोत मधोमध.

अजून एक, मोठ्या सुट्ट्यांच्या बदल्यात शनिवार-रविवारी शाळा आणि ऑफिस भरतं. आदल्या वर्षाच्या शेवटी सरकारी यादी येते, ती बघूनच तिकिटं काढा. आणि १ ऑक्टोबरच्या आठवड्यात कुठेही फिरायला जाऊ नका, अख्खा देश रस्त्यावर असतो, गर्दी म्हणजे आषाढीचं पंढरपूर.

आजारपण

सरकारी मुलांची हॉस्पिटलं खरोखर चांगली आहेत, मिनहांगमध्ये फुदान विद्यापीठाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, मोठं. पण पद्धत वेगळी. आधी नंबर लावायचा, डॉक्टर दोन मिनिटं बघणार, ताप असला की बोटाला टोचून रक्त तपासायला पाठवणार, पैसे आधी भरायचे, रिपोर्ट घेऊन परत त्याच डॉक्टरकडे, मग पुन्हा पैसे आणि औषध. चार खिडक्या, चार रांगा. एकट्याने जाऊ नका, एकाने पोर धरायचं एकाने पळायचं. पासपोर्ट बरोबर हवाच. सलाईन पटकन लावतात, गरज आहे का हे विचारायला लाजू नका. भाषांतर ॲपमध्ये पोराचं वजन, ॲलर्जी, आधीचे आजार हे वाक्य आधीच लिहून सेव्ह करून ठेवा, रात्री २ ला टाइप होत नाही. ॲम्ब्युलन्स १२०, पोलीस ११०, आग ११९, आणि बाकी कुठलीही अडचण १२३४५, त्यावर इंग्रजीत पण बोलतात.

माणसं

पोर घेऊन खाली उतरलात की लोक येणार, गाल ओढणार, केसांना हात लावणार, फोटो काढणार. आमच्या धाकटीला सहन व्हायचं नाही, म्हणून तिला "बू याओ" शिकवलं, नको, आणि तेवढं पुरतं, रागावत नाहीत कोणी. आज्या तुम्हाला हमखास सांगणार की पोराला कपडे कमी घातलेत, गार पाणी देऊ नको, गरम दे. वाद घालू नका, आपल्या आज्या वेगळं काय सांगतात. पोरांना प्रत्येकाला नात्याने हाक मारायला शिकवा, म्हाताऱ्या बाईला नायनाय, म्हाताऱ्याला येये, बापाच्या वयाच्या माणसाला शूशू. आपल्या पोरांना काका-मावशीची सवय असतेच, त्यामुळे हे एका दिवसात जमतं, आणि मग फुकट संत्री, फुकट लक्ष, पार्सल आणून देणं, सगळं चालू होतं. आमच्या समोरच्या नायनायने मला बाजारात भाव करायच्या एका हाताच्या खुणा शिकवल्या, अंगठा आणि करंगळी म्हणजे ६, अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे ८. तिनेच मला विचारलं की बाई तुझी पोरगी तुला आयी का म्हणते, आई कुठेय तिची, आणि तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला.

आता राहिले मोदक. तांदळाचं पीठ घेताना नीट बघा, दोन येतात. नोमीफन चिकट तांदळाचं, त्याची उकड हाताला चिकटून बसते, ते नाही. चानमीफन घ्यायचं, तेच आपलं साधं. सारणाला ओला नारळ मिळतो, गुळाला होंगथांग. वाफवायला बांबूची टोपली घरोघर असतेच, २० युआनच्या आत. २०२४ ला अनंत चतुर्दशी आणि त्यांचा चंद्राचा सण एकाच दिवशी आला, १७ सप्टेंबरला, दोघांचाही भाद्रपदच की. बादलीत विसर्जन करून मी ११ मोदक घेऊन समोरच्यांकडे गेले, त्यांनी मूनकेक दिले. नायनायने मोदक उचलून आधी कळ्या मोजल्या, मग चावा घेतला, बराच वेळ चावली आणि विचारलं, छान आहे, पण मांस घालायला विसरलीस का? मी म्हटलं वो छ्र सू. मग मला खुर्चीवर बसवून तिने पिठाची पारी हातात घेतली आणि कळ्या अजून बारीक कशा पाडायच्या ते दाखवलं, माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर. धाकटी बाजूला उभी राहून ओरडत होती, आई बघ, आणि आम्ही दोघींनी एकदमच मागे बघितलं.